विमान उडवायला शिकवायचंय? नाशिकहून निघणाऱ्यांसाठी वाटाड्या

नाशिकला विमानाचं अप्रूप फारसं उरलेलं नाही. ओझरला १९६४पासून एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. तिथून मिग बाहेर पडली, मग सुखोई, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये नाशकात जुळणी झालेलं पहिलं तेजस मार्क वन-ए उडालं. गांधीनगरला लष्कराची हवाई प्रशिक्षण शाळा आहे, तिथल्या हेलिकॉप्टरांचा आवाज उपनगर आणि नाशिकरोडच्या लोकांच्या कानाला कधीच सवयीचा झालाय. त्यामुळे ‘पायलट कसं व्हायचं’ हे विचारणारी मुलं या गावात पुष्कळ भेटतात. ‘पायलटला शिकवणारा कसं व्हायचं’ हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. आणि जे विचारतात त्यांच्या डोक्यातही बहुतेक वेळा एकच हिशेब असतो: एअरलाइनची नोकरी लागेपर्यंत फुकटात उड्डाणाचे तास जमतील.

तास जमतात, खोटं नाही. पण केवळ तासांसाठी प्रशिक्षकाच्या उजव्या सीटवर बसलेला माणूस विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यातच ओळखू येतो. म्हणून या लेखात कागदपत्रं आणि परीक्षांइतकीच जागा शिकवण्याच्या तयारीला दिली आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: हवेत शिकवायचं असेल तर आधी फळ्यासमोर उभं राहून शिकवता आलं पाहिजे. फळ्यावर झालेली चूक डस्टरने पुसता येते. विमानात तीच चूक इंजिन चालू ठेवून निस्तरावी लागते, आणि त्या तासाचे पैसे विद्यार्थी भरत असतो.

आधी कागद ओळखा

लायसन्स, रेटिंग, मेडिकल आणि लॉगबुकातली सही या चार गोष्टी नवखी माणसं एकाच पिशवीत टाकतात. त्या वेगळ्या आहेत. लायसन्स म्हणजे उडवण्याची परवानगी. रेटिंग म्हणजे त्या परवानगीला जोडलेला जादा अधिकार, जसं फक्त उपकरणांच्या भरवशावर उडवण्याचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग किंवा एकाहून जास्त इंजिनांच्या विमानाचं. मेडिकल ठरावीक मुदतीचं असतं आणि ते संपलं की भारतात लायसन्स खिशात असूनही उडता येत नाही. लॉगबुकातली, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीतली सही म्हणजे ‘हे मी याला शिकवलं, हा तयार आहे’ अशी प्रशिक्षकाने दिलेली हमी.

भारतात प्रशिक्षकपण हे रेटिंग आहे. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय तुमच्या व्यावसायिक लायसन्सवर, म्हणजे सीपीएलवर, आधी असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग आणि पुढे फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग चढवतं. अमेरिकेत रचना निराळी आहे. तिथली एफएए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीची सरकारी यंत्रणा, प्रशिक्षकाला स्वतंत्र सर्टिफिकेट देते आणि त्या सर्टिफिकेटवर पुन्हा वेगवेगळी रेटिंग्ज असतात. जमिनीवर शिकवणाऱ्याचं सर्टिफिकेट वेगळं, हवेत शिकवणाऱ्याचं वेगळं. नाशिकची बरीच मुलं सीपीएलसाठी अमेरिकेला जातात, म्हणून दोन्ही वाटा इथे घेतो आहे. पण एका वाटेचे नियम दुसऱ्या वाटेवर लावू नका. इंटरनेटवर वाचलेली अर्धी माहिती अमेरिकेची असते आणि मुलं ती डीजीसीएच्या अर्जासाठी गृहीत धरून बसतात.

भारतातली वाट: सीपीएलपर्यंत

इथे भराभर जातो, कारण यावर माहिती मुबलक आहे.

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. वय १८ पूर्ण हवं. पैसे भरण्याआधी मेडिकल करून घ्या, नंतर नाही. आधी क्लास टू ही प्राथमिक तपासणी, मग व्यावसायिक लायसन्सला लागणारी क्लास वन. डोळे, कान, हृदय यांतलं काही निघालं तर ते लाखो रुपये गुंतवायच्या आधी कळलेलं बरं. आजही लोक हा क्रम उलटा करतात, कारण फी भरून घेणाऱ्याला तो उलटा सोयीचा असतो.

मग डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर नोंदणी आणि परीक्षेसाठी कॉम्प्युटर नंबर. इथे मराठी घरांतली एक नेहमीची भानगड सांगून ठेवतो. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम बदलतो, आधारवर वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं, आणि कुठेतरी स्पेलिंगमध्ये एखादा ‘ए’ जास्त पडलेला असतो. माणसाच्या नजरेला हे सगळं एकच नाव, पण अर्ज तपासणाऱ्याला ती तीन वेगळी माणसं दिसतात. अर्ज करण्याआधी सगळे कागद एका ओळीत मांडून नाव जुळवून घ्या. गुणपत्रिकेची पडताळणी लागली तर मंडळाचं विभागीय कार्यालय नाशकातच आहे, एवढं आपलं नशीब बरं.

लेखी परीक्षेत एअर रेग्युलेशन्स, मीटिऑरॉलॉजी, नेव्हिगेशन, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक हे विषय येतात. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. रेडिओ टेलिफोनीची परीक्षा पूर्वी दूरसंचार खातं घ्यायचं. १ जानेवारी २०२५पासून भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू झाला आणि ते कामही डीजीसीएकडे आलं. जुन्या नोट्समध्ये जुनी पद्धत लिहिलेली असेल, ती खोडा.

उड्डाणाचे किमान २०० तास. त्यात १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन, त्यांपैकी २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे लांबचं उड्डाण, आणि त्या क्रॉस-कंट्रीत किमान ३०० सागरी मैलांचं एक उड्डाण, ज्यात दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरायचं. इन्स्ट्रुमेंटचे १० तास आणि रात्रीचे ५ तासही याच २०० तासांत हवेत.

नाशिकच्या मुलाला यासाठी घर सोडावंच लागतं, पण फार लांब जावं लागत नाही. धुळे, शिरपूर, जळगाव ही खानदेशची ठिकाणं जवळची. खाली बारामती, विदर्भात नागपूर आणि गोंदिया. जळगाव तर २०२१मध्ये विमानतळ प्राधिकरणाने फ्लाइंग स्कूलसाठी निवडलेल्या पाच विमानतळांपैकी एक. शाळा निवडताना ब्रोशरमधल्या विमानांचे फोटो मोजू नका. सकाळी सातला जाऊन उभे राहा आणि किती विमानं खरोखर उडतात ते मोजा. जे विद्यार्थी तिथे शिकताहेत त्यांना विचारा, गेल्या महिन्यात तुमचे किती तास झाले. आणि प्रशिक्षकच व्हायचं असेल तर आणखी एक प्रश्न विचाराच: इथे असिस्टंट इन्स्ट्रक्टर रेटिंगचं प्रशिक्षण होतं का, आणि कोण देतं? सगळ्या शाळांत ते होत नाही. रायबरेलीजवळ फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी हे त्यासाठीचं जुनं आणि सरकारी नाव.

असिस्टंट इन्स्ट्रक्टर: खरी परीक्षा इथे

सीपीएल झाल्यावर या रेटिंगसाठी लागणारे तास, परीक्षा आणि चाचण्या विमान नियम १९३७च्या दुसऱ्या परिशिष्टात दिल्या आहेत. शाळेच्या माहितीपत्रकावरून नव्हे, तिथून वाचा. नियमांत दुरुस्त्या होत राहतात, त्यामुळे डीजीसीएच्या संकेतस्थळावरची ताजी प्रत काढा आणि तिच्यावर तारीख लिहून ठेवा.

प्रशिक्षणात नेमकं काय होतं ते मात्र नियमात वाचून कळत नाही.

पहिला धक्का सीटचा. आतापर्यंत तुम्ही डाव्या सीटवर बसलात, थ्रॉटल म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा उजव्या हातात आणि योक म्हणजे विमान वळवायचं हँडल डाव्या. आता उजव्या सीटवर, सगळं उलट. सेसना १५२ किंवा १७२ या शिकण्याच्या विमानांमध्ये मुख्य उपकरणं डावीकडे असतात, ती तिरकी दिसतात. धावपट्टीची मध्यरेषा बरोबर नाकाखाली आहे असं वाटतं आणि विमान बाजूला गेलेलं असतं. लँडिंग नव्याने शिकावं लागतं. दोनशे तासांचा पायलट अचानक नवशिक्यासारखा उतरवायला लागतो आणि अहंकाराला ते झेपत नाही. झेपवून घ्या, हे सगळ्यांचंच होतं.

दुसरी गोष्ट पॅटर. म्हणजे हाताने करता करता तोंडाने सांगणं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा: स्टॉल, म्हणजे वेग उतरून पंखांची उचल संपणं, दाखवायचा आहे, तुम्ही पॉवर काढली, नाक वर धरलं, वेग उतरतोय, कंट्रोल सैल पडताहेत, आणि यातली प्रत्येक गोष्ट ती घडत असताना सांगायची आहे, आधी नाही आणि नंतरही नाही. बहुतेकांचं तोंड हातांच्या दोन सेकंद मागे असतं. विद्यार्थ्याला ‘बफेट जाणवतोय का’, म्हणजे स्टॉलची थरथर जाणवतेय का, म्हणून विचारेपर्यंत विमान स्टॉलमधून बाहेर आलेलं असतं. याला उपाय एकच, जमिनीवर सराव. खुर्चीत बसा, समोर भिंत, हातात काहीही धरा, आणि मोठ्याने बोला. घरचे हसतील. हसू द्या. रोज एक व्यायाम, सरळ आणि समांतर उड्डाणापासून सर्किटपर्यंत, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीपर्यंत, आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकायचा. ज्या वाक्याला तुमचं तुम्हालाच ‘म्हणजे काय?’ असं वाटेल ते बदलायचं.

तिसरी गोष्ट म्युच्युअल फ्लाइंग. दोन होऊ घातलेले प्रशिक्षक, एक विद्यार्थ्याचं सोंग घेतो. सोंग नीट घ्या. खरा विद्यार्थी उंचावरच फ्लेअर करतो, म्हणजे उतरताना नाक फार लवकर उचलतो, रडर म्हणजे पायाने चालवायचं शेपटाचं सुकाणू विसरतो, ‘समजलं’ म्हणतो आणि त्याला समजलेलं नसतं. मित्रावर दया करून तुम्ही सुंदर उडवून दाखवलंत तर त्याचा तो तास वाया गेला.

आणि चौथी, सगळ्यात अवघड: हात कधी घालायचा. लवकर घातलात तर विद्यार्थी कधीच शिकत नाही, त्याला वाटतं लँडिंग आपोआप होतं. उशीर केलात तर अंडरकॅरेज, म्हणजे खालच्या चाकांचा सांगाडा, जातं. या दोहोंमधली जागा विमानागणिक आणि विद्यार्थ्यागणिक बदलते. नियम म्हणून एवढंच सांगता येईल की हद्द आधी ठरवा. ‘या उंचीला, या वेगाखाली, मी घेणार’ असं उड्डाणाआधी स्वतःशी पक्कं करा आणि विद्यार्थ्यालाही सांगा. कंट्रोल देता-घेताना तीन वाक्यांची देवाणघेवाण करा, ‘यू हॅव कंट्रोल’, ‘आय हॅव कंट्रोल’, आणि पहिल्याने पुन्हा ‘यू हॅव कंट्रोल’ म्हणून नजरेने खात्री करणं. दोघंही उडवताहेत किंवा दोघंही उडवत नाहीत, अशा अवस्थेत अपघात होतात.

रेटिंग मिळाल्यावर तुम्ही असिस्टंट असता, म्हणजे वरिष्ठ प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवता. विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकट्याने सोडायचा निर्णय वरिष्ठांचा. तो ते कशावरून ठरवतात याकडे बारीक लक्ष ठेवा. त्यापुढे शिकवण्याचे तास जमले की पूर्ण फ्लाइट इन्स्ट्रक्टर, आणि मग डेप्युटी चीफ, चीफ. पूर्वी शाळेतलं उड्डाण मंजूर करण्याचा अधिकार फक्त चीफ आणि डेप्युटी चीफ यांनाच होता. नोव्हेंबर २०२१च्या दुरुस्तीनंतर तो प्राधिकृत फ्लाइट इन्स्ट्रक्टरांनाही देता येऊ लागला. छोट्या शाळेत याचा फरक मोठा पडतो, कारण चीफ रजेवर म्हणून विमानं हँगरमध्ये उभी, हा प्रकार कमी होतो. तुमच्यावरची जबाबदारी मात्र तेवढीच वाढते.

भारतात फक्त जमिनीवर शिकवायचं असेल तर

एचएएलमधून किंवा हवाई दलाच्या ओझरच्या दुरुस्ती डेपोतून निवृत्त झालेली मंडळी नाशकात कितीतरी आहेत. कॉलेजात फिजिक्स शिकवणारेही. त्यांना उडायचं नसतं, पण विषय येतो. भारतात यासाठी अमेरिकेसारखं हातात मिळणारं स्वतंत्र ग्राउंड इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेट नाही. मान्यताप्राप्त शाळा तुम्हाला ग्राउंड इन्स्ट्रक्टर म्हणून नेमते आणि तुमची पात्रता व अनुभव दाखवते. खासगी ग्राउंड क्लास घेणाऱ्याला तर तेवढंही लागत नाही, म्हणूनच त्या क्षेत्रात उत्तम आणि बोगस दोन्ही भेटतात. इंजिन, एअरफ्रेम, इन्स्ट्रुमेंट्स हे विषय मेंटेनन्सच्या माणसाने शिकवावेत. कुठला भाग कसा बिघडतो हे त्याने हाताने पाहिलेलं असतं. नेव्हिगेशन आणि रेग्युलेशन्ससाठी मात्र ज्याने ते वापरलंय तोच बरा.

ड्रोन शिकवणं हा वेगळा रस्ता आहे. त्याला ड्रोन नियम २०२१ लागतात आणि वेगळ्या मान्यतेच्या संस्था. त्याचा या रेटिंगशी संबंध नाही.

अमेरिकेची वाट: ग्राउंड इन्स्ट्रक्टरपासून सुरू करा

तिथे जाणाऱ्या मुलांपैकी बहुतेक जण हे सर्टिफिकेट सोडून देतात, आणि माझ्या मते तीच त्यांची सगळ्यात मोठी घाई. याच्यासाठी ना पायलट लायसन्स लागतं, ना मेडिकल, ना एक तास उड्डाण. वय १८, इंग्रजी वाचता-लिहिता-बोलता येणं आणि लेखी परीक्षा, बस. प्रात्यक्षिक परीक्षाही नाही.

रेटिंग्ज तीन. बेसिकवर तुम्ही स्पोर्ट, रिक्रिएशनल आणि प्रायव्हेट पायलटचं ग्राउंड शिकवू शकता. अॅडव्हान्स्डवर इन्स्ट्रुमेंट रेटिंग सोडून बाकी सगळ्या लायसन्सचं. आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठीचं शिकवायला तिसरं, इन्स्ट्रुमेंट ग्राउंड इन्स्ट्रक्टर. अॅडव्हान्स्डमध्ये बेसिकचं सगळं येतंच, त्यामुळे बेसिकवर परीक्षेचे पैसे घालवण्यात अर्थ नाही. थेट अॅडव्हान्स्ड आणि इन्स्ट्रुमेंट घ्या.

या सगळ्यांच्या आधी एक सामायिक पेपर: फंडामेंटल्स ऑफ इन्स्ट्रक्टिंग. ५० प्रश्न, दीड तास. अॅडव्हान्स्डचे १०० प्रश्न, अडीच तास. इन्स्ट्रुमेंटचे ५०. उत्तीर्णतेला ७० टक्के, निकाल २४ महिने ग्राह्य. लेखी परीक्षा झाल्यावर आयएसीआरए या ऑनलाइन यंत्रणेत अर्ज भरायचा, एफएएच्या जवळच्या जिल्हा कार्यालयात वेळ घेऊन कागद दाखवायचे, आणि तात्पुरतं सर्टिफिकेट हातात. हे काम अमेरिकेत असतानाच उरका, नाशिकहून ते अवघड जातं.

आता या पेपराचा खरा फायदा. ग्राउंड इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेट असलं की पुढे फ्लाइट इन्स्ट्रक्टरसाठी फंडामेंटल्सचा पेपर पुन्हा द्यावा लागत नाही. शिवाय अॅडव्हान्स्ड ग्राउंडचा आणि फ्लाइट इन्स्ट्रक्टरचा अभ्यास मोठ्या प्रमाणात सारखा आहे, म्हणून हुशार मुलं हे दोन्ही पेपर एकाच आठवड्यात देतात. आणि सर्टिफिकेट मिळाल्यावर उडायला हवामान नसेल तेव्हा शाळेतल्या धाकट्या विद्यार्थ्यांना बसवून शिकवता येतं, लेखी परीक्षेसाठी त्यांच्या लॉगबुकात सहीही देता येते.

या सर्टिफिकेटला मुदत नाही, ते संपत नाही. पण गेल्या १२ महिन्यांत शिकवलेलं असलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या अधिकृत प्रशिक्षकाकडून सही घेऊन पुन्हा चालू करावं लागतं.

फंडामेंटल्सचा अभ्यास घोकू नका, एवढीच विनंती. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकचे शिकण्याचे नियम, रोट म्हणजे घोकण्यापासून कोरिलेशन म्हणजे शिकलेलं इतर गोष्टींशी जोडण्यापर्यंतच्या पायऱ्या, विद्यार्थ्याचे बचावाचे पवित्रे, हे सगळं परीक्षेपुरतं पाठ करून विसरण्यासारखं वाटतं. पण ‘प्रायमसी’ म्हणजे पहिल्यांदा जे शिकलं ते घट्ट बसतं, हा नियम एकदा सर्किटमध्ये अनुभवला की विसरत नाही. ज्याला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं की ‘लँडिंगला योक ओढत राहा’, त्याच्याकडून ते ओढणं सोडवायला महिना जातो.

मग फ्लाइट इन्स्ट्रक्टर

एफएएचं फ्लाइट इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेट, बोलीत सीएफआय, विमानासाठी घ्यायचं तर कमर्शियल सर्टिफिकेट आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग दोन्ही हवीत. एफएएच्या नियमांतल्या पार्ट ६१खाली कमर्शियलला २५० तास लागतात, मान्यताप्राप्त पार्ट १४१ शाळेत १९०. हव्या त्या प्रकारच्या विमानावर किमान १५ तास पायलट-इन-कमांड म्हणून. स्पिनचं, म्हणजे स्टॉल होऊन गरगरत खाली येणारं विमान सावरण्याचं, प्रशिक्षण आणि त्याची सही अनिवार्य. लेखी परीक्षा आणि मग तोंडी व प्रात्यक्षिक.

स्पिनची धास्ती सगळ्यांना असते. पद्धत ठरलेली आहे: पॉवर आयडल, एलेरॉन म्हणजे पंखांवरच्या हलत्या फळ्या न्यूट्रल, फिरण्याच्या उलट रडर, आणि एलेव्हेटर म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटाची फळी, तिच्यासाठी योक पुढे. फिरणं थांबलं की रडर मधे, आणि हळूच बाहेर. हे तुम्हाला येतंच. प्रश्न हा आहे की घाबरलेला विद्यार्थी शेजारी योक छातीशी घट्ट ओढून बसलाय, तेव्हा येतं का. म्हणूनच हे प्रशिक्षण प्रशिक्षकाला सक्तीचं आहे.

तोंडी परीक्षा लांबलचक असते, कधी कधी अर्धा दिवस. परीक्षक विद्यार्थी बनून बसतो आणि मुद्दाम चुकीचं बोलतो. तुम्ही ती चूक पकडता का, आणि पकडल्यावर त्याला तोडून न टाकता कशी दुरुस्त करता, हे तो बघतो. पाठांतर इथे उघडं पडतं.

पहिल्या सर्टिफिकेटनंतर इन्स्ट्रुमेंटचं रेटिंग आणि मल्टिइंजिनचं रेटिंग त्याच सर्टिफिकेटवर जोडता येतं. आधी या सर्टिफिकेटवर २४ महिन्यांची मुदत छापलेली असायची. १ डिसेंबर २०२४पासून नव्या सर्टिफिकेटवर मुदत नसते, पण दर २४ महिन्यांत ठरावीक काम किंवा उजळणी अभ्यासक्रम करून अधिकार चालू ठेवावा लागतो. म्हणजे तारीख गेली, काम तेच राहिलं.

काही नियम रोजच्या कामात लागतात, ते आत्ताच पक्के करा. २४ तासांत ८ तासांहून जास्त उड्डाण प्रशिक्षण देता येत नाही. दिलेल्या सह्यांची नोंद ३ वर्षं जपावी लागते. विद्यार्थ्याच्या सोलोची, म्हणजे एकट्याने उडण्याची, सही ९० दिवस चालते. आणि भारतातून जाणाऱ्याने आणखी एक: तिथे पायलटचं प्रशिक्षण सुरू करण्याआधी परदेशी विद्यार्थ्याला टीएसए या तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेची तपासणी लागते.

व्हिसाबद्दल एजंट गोलमाल बोलतात, म्हणून स्पष्ट लिहितो. एम-वन या व्यावसायिक प्रशिक्षणाच्या व्हिसावर गेलेल्याला अभ्यास संपल्यावर सरावासाठी मोजके महिनेच मिळतात, जास्तीत जास्त सहा. एफ-वन या शैक्षणिक व्हिसावर गेलेल्याला अभ्यासानंतर १२ महिन्यांचं प्रात्यक्षिक काम मिळू शकतं, आणि त्यातच प्रशिक्षक म्हणून पगारी शिकवता येतं. कुठल्या शाळेला कुठला व्हिसा देता येतो हे प्रवेशाआधी शाळेलाच लेखी विचारा. ‘तिकडे गेल्यावर बघू’ हे उत्तर मिळालं तर ती शाळा सोडा.

परत नाशिकला आल्यावर

अमेरिकेचं कमर्शियल भारतात बदलून घ्यावं लागतं, त्यासाठी डीजीसीएच्या परीक्षा द्याव्या लागतात. सीएफआय सर्टिफिकेट दाखवलं म्हणून भारतात शिकवता येत नाही, इथलं रेटिंग इथल्या नियमाने घ्यावं लागतं. तिथला अनुभव वाया जात नाही, पण तो लॉगबुकात नीट दिसला पाहिजे. प्रत्येक पानाची स्कॅन केलेली प्रत, तिथल्या शाळेचं तासांचं प्रमाणपत्र, प्रशिक्षकांची नावं आणि सर्टिफिकेट क्रमांक, हे सगळं परत येण्याआधी गोळा करा. इथून त्या शाळेला मेल लिहित बसणं हा वेगळाच छळ आहे.

लष्करी वाटेने आलेल्यांची गोष्ट निराळी. गांधीनगरच्या लढाऊ हवाई प्रशिक्षण शाळेत लष्कराच्या हेलिकॉप्टर प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम होतो, हवाई दलाचे प्रशिक्षक तांबरमला तयार होतात. हे लोक शिकवण्यात मुरलेले असतात. निवृत्तीनंतर नागरी लायसन्स आणि रेटिंग मात्र त्यांनाही डीजीसीएकडूनच घ्यावं लागतं. नवशिक्याने अशा एखाद्या काकांना गाठून तासभर ऐकलं तरी पॅटर सुधारतो.

एक पाठ बांधून बघा

तयारी तपासायची असेल तर हा एक पाठ घ्या: डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणावरून विमानाला जाणवणारी उंची. नाशिक परिसराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट. प्रमाण वातावरणात, म्हणजे हिशेबासाठी ठरवलेल्या आदर्श हवेत, त्या उंचीवर तापमान ११ अंश असायला हवं. एप्रिलच्या दुपारी पारा ४०ला गेला. फरक २९ अंश. ढोबळ नियमाने प्रत्येक अंशाला १२० फूट धरा, म्हणजे सुमारे ३,५०० फूट वाढले. विमानाला आपण ५,५०० फुटांवर आहोत असं वाटतं, आणि ते उभं आहे ओझरच्या धावपट्टीवर.

इथपर्यंत गणित झालं. शिकवणं पुढे आहे. पंखाला, इंजिनाला आणि प्रॉपेलरला, तिघांनाही हवा विरळ मिळते, हे विद्यार्थ्याच्या तोंडून काढा, तुम्ही सांगू नका. मग विचारा, टेकऑफला वेगाचा काटा किती दाखवेल तेव्हा नाक उचलशील? बरेच विद्यार्थी म्हणतील ‘नेहमीपेक्षा जास्त’. इथे थांबा. काट्यावरचा वेग तोच राहतो, खरा वेग वाढलेला असतो, म्हणून धावपट्टी जास्त लागते आणि चढण मंदावते. हे त्याला स्वतः सापडेपर्यंत धीर धरता आला तर तुमच्यात प्रशिक्षक आहे. शेवटी विचारा, मग उडायचं कधी? ‘सकाळी लवकर’ हे उत्तर त्याने स्वतः दिलं पाहिजे.

असे दहा-बारा पाठ वहीत बांधा. प्रत्येकाला उद्दिष्ट, वेळ, फळ्यावरची आकृती, विद्यार्थी हमखास करतो ती चूक, आणि शेवटी विचारायचे दोन प्रश्न. पाठ घरातल्या बारावीच्या मुलाला शिकवून बघा. त्याला कळला नाही तर पाठात खोट आहे, मुलात नाही.

भाषेचं काय

परीक्षा इंग्रजीत, रेडिओ इंग्रजीत, आणि आंतरराष्ट्रीय नियमाने पायलटचं इंग्रजी किमान चौथ्या पातळीचं हवं. तरीही सिन्नर, दिंडोरी किंवा कळवणहून मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ‘अँगल ऑफ अटॅक’, म्हणजे पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन, इंग्रजीतच समजावण्याचा हट्ट मला पटत नाही. संज्ञा इंग्रजीच ठेवा, समजावणं मराठीत करा, आणि मग तेच त्याच्याकडून इंग्रजीत वदवून घ्या. कॉकपिटमध्ये मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेलीच इंग्रजी वाक्यं. घाईत तोंडातून जे निघतं ते सवयीचं निघतं. ‘अरे घे, घे’ असं ओरडणाऱ्या प्रशिक्षकाच्या विद्यार्थ्याला नेमकं काय घ्यायचंय ते कळत नाही.

पैशाचं थोडक्यात. सुरुवातीच्या असिस्टंट प्रशिक्षकाचा पगार एअरलाइनच्या पगाराशी लावून बघू नका. बऱ्याच ठिकाणी तो तासांवर ठरतो, आणि पावसाळ्यात तास कमी होतात. करार वाचा: विमान नादुरुस्त असेल तर काय मिळतं, बाँड किती वर्षांचा, रेटिंगचा खर्च शाळा कापून घेते का. ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ लिहिलेल्या कागदावर हमी कोण देतंय त्याची सही शोधा. बहुतेक वेळा ती नसते. नोकरी लागल्यावर पहिल्या दिवसापासून स्वतःची वेगळी वही ठेवा: विद्यार्थी, तारीख, काय शिकवलं, कुठे अडला, पुढच्या वेळी काय. शाळेच्या नोंदी शाळेकडे राहतात, ही वही तुमच्याकडे राहते, आणि पूर्ण इन्स्ट्रक्टर रेटिंगसाठी शिकवण्याचे तास मांडायची वेळ येते तेव्हा पहिली तीच उघडावी लागते.